डाव्या हाताची पेटी

११ नोव्हेंबर

हे अक्षर माझं नाही. अंगणवाडीत उभा जन्म रजिस्टरं लिहिण्यात गेला. सुपरवायझरबाई म्हणायच्या, रुद्राणीताईंचं अक्षर दाखवा बाकीच्यांना. आता बघा, कोंबडी शाईत पाय बुडवून वहीवरून चालत गेलीय. पण आषाढात लकवा मारला तेव्हापासून उजवा हात मांडीवर पोतेऱ्यासारखा पडून असतो, तर डाव्याने नाही लिहायचं तर कशाने?

फिजिओची पोरगी म्हणाली, आजी, रोज डाव्या हाताने लिहीत जा, मनातलं काहीही. मी म्हटलं, माझ्या मनातलं वाचशील तर तुझे डोळे फिरतील बाई. म्हटलं म्हणजे मनात म्हटलं. तोंडातून काय बाहेर पडलं शिवालाच ठाऊक. ती आपली हसत मान हलवत होती, तान्ह्या पोरापुढे हलवतात तशी. जीभ जड झालीय माझी, डोकं नाही. पण हे सांगायलासुद्धा जीभच लागते.

१४ नोव्हेंबर

कस्तुराबाई आल्या होत्या, आमच्या गल्लीतल्या महिला शिवभजनी मंडळाच्या बायका घेऊन. केळी आणली. सगळ्या माझ्याशी ओरडून बोलतात. अगं बयांनो, लकवा कानाला नाही झाला.

गेल्या शिवरात्रीला मी ह्याच कस्तुराबाईंना सांगितलं होतं, पुढच्या शिवरात्रीला मंडळात पेटी मी वाजवणार. हसल्या होत्या. त्यांना काय माहीत, मुखेडला माहेरी वडिलांच्या पेटीवर मी दर सोमवारी भजनं वाजवायचे. लग्न होऊन औशाला आले तेव्हा पेटी बरोबर यायची होती. सासूबाई म्हणाल्या, सून पेटी वाजवणार म्हणजे कलावंतिणीचं घर व्हायचं आमचं. पेटी भावाकडं माळ्यावर राहिली. मग नोकरी, मग तनुजा, मग सासूबाईंचं अंथरूण. म्हटलं, रिटायर झाले की. रिटायर झाले आणि पावसाळ्यात हे.

जाताना कस्तुराबाई म्हणाल्या, “रुद्राक्का, आता कायबी ताण घेऊ नगा. शिवरात्रीला येऊन नुसतं बसा. आमची शिल्पा वाजवती की कॅसिओ.” शिल्पा म्हणजे त्यांची सून. कॅसिओचं बटण दाबलं की ठेका आपोआप वाजतो. नुसतं बसा म्हणे.

मला एक भजन वाजवायचं आहे. वडिलांचं, सोमवारचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, न अडखळता, माणसांत बसून. माझं बोलणं कुणाला कळत नाही, निदान ते तरी कळेल. तेवढं झालं की दुसऱ्या दिवशी दुसरा झटका आला तरी माझी ना नाही.

१९ नोव्हेंबर

अप्पांना पाटीवर लिहून दाखवलं, पेटी. तनुजाचं ऐकून ऐकून मीही नवऱ्याला अप्पाच म्हणते. चन्नबसप्पा नाव घ्यायचं तर उखाणा शोधावा लागतो. जन्मभर एसटीची बस चालवली ह्यांनी, औसा डेपोत. एक शब्द विचारला नाही, पहाटेच्या गाडीने मुखेडला गेले आणि दिवेलागणीला पेटी घेऊन आले.

स्टँडपासून घरापर्यंत दोनदा खाली ठेवावी लागली म्हणे. पूर्वी प्रवाशांची पोती एकट्याने टपावर चढवायचा हा माणूस. आल्यावर किती तरी वेळ ओट्यावर बसून राहिले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. “दमलात?” म्हटलं. माझं बोलणं एवढ्या एका माणसाला कळतं.

“गाडीत उभं ऱ्हावं लागलं,” म्हणाले. ड्रायव्हर माणसाला उभं राहायची सवय नसते, हे खरं.

२२ नोव्हेंबर

उघडली. भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलंय, दोन सूर मुके झालेत. वास मात्र तोच, कापराचा. वडील पेटीत कापराच्या वड्या ठेवायचे.

उजवा हात डाव्याने उचलून पट्ट्यांवर ठेवला. डाव्याने भाता ओढला. पाचही बोटं एकदम बसली आणि पेटी रेडकासारखी ओरडली. एक बोट वेगळं करू म्हटलं तर बाकीची चार मुठीत वळतात आणि त्यालाही ओढून नेतात. बसले बसले, घामाघूम झाले. साधा सा एकटा निघाला नाही. चौथीतली पोर असताना जो सूर मी झोपेत लावायचे तो.

मग मी डाव्या हाताने उजव्याला मारलं. चापट्या, मग बुक्क्या. त्या मेल्याला लागतसुद्धा नाही.

अप्पा दारात उभे होते. “रडलालीस कशाला?” म्हणाले. मी रडत नव्हते, माझं तोंडच आता तसं दिसतं. मग रडले.

“बास,” म्हणाले. “चहा टाकतो.”

३० नोव्हेंबर

पेटीवर चादर टाकली आहे. पुन्हा उघडायची नाही. अप्पांनी माळ्यावरच मरू दिली असती तर बरं झालं असतं, ती आणि मी दोघी.

झोपेच्या गोळ्यांची बाटली अप्पांनी कपाटाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली आहे. तिथं माझा हात पोचत नाही. मी तर कुणाला काही बोलले नव्हते.

३ डिसेंबर

सकाळी अप्पा पूजेला बसले. इष्टलिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, आणि डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत बसले. पूजेत असं करू नये.

“काय?” म्हटलं.

“लिंग कोणत्या हातावर धरलालो, बघ.”

“डाव्या.”

“मग? उजवा नुसता पाणी घालणारा हमाल. देव डाव्या हातावर बसतोय. तुझा डावा तर धड हाय की.”

मला राग आला. आयुष्यात पूजेची पुस्तकं न वाचलेला माणूस मला देव शिकवतोय. लकव्यापासून माझ्या लिंगावर पाणीसुद्धा हेच घालतात, म्हणून का? मी म्हटलं, डाव्याने पट्ट्या वाजवल्या तर भाता कोण मारणार, तुमचा देव?

“मी हाय की,” म्हणाले. लिंग परत गळ्यातल्या चौकात, त्या चांदीच्या डबीत ठेवलं, उठले आणि पेटीवरची चादर काढली.

१२ डिसेंबर

मी माझ्या खुर्चीत, पेटी टीपॉयवर, आणि समोर भात्याच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत अप्पा. ह्यांना सुराचा स कळत नाही. भाता मारतात की गियर टाकतात देव जाणे. मी वर चढले की जोर लावतात, खाली आले की न्यूट्रल. मी म्हटलं, पेटीला घाट नसतो, सारखी हवा द्या. “बरं बाई,” म्हणतात आणि पुन्हा तेच.

डाव्या हाताचं गणित सगळं उलटं. उजव्याचा अंगठा जिथं होता तिथं ह्याची करंगळी. भजन मला आठवतं, डोक्यात सगळं स्वच्छ वाजतं, पण बोटं परक्या गावात उतरल्यासारखी पत्ता विचारत फिरतात. पहिली ओळ आली. आली म्हणजे मोडकी-तोडकी. चाळीस वेळा घोकून दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलेली असते. लहान पोरांना मी किती ओरडले असेन ह्याच गोष्टीवरून.

कितीही वाईट वाजवलं तरी शेवटी अप्पांचं एकच. बास, चहा टाकतो. ते म्हटल्याशिवाय मी उठत नाही आणि त्यांनाही उठू देत नाही.

२१ डिसेंबर

अप्पांचं हल्ली काय चाललंय समजत नाही. पलंगावर झोपतच नाहीत, खुर्चीत बसल्या-बसल्या झोपतात. आडवं झालं की खोकला येतो म्हणे. थंडी आहे, येणारच. मी म्हटलं, अहो, पाठ धरेल, आडवे व्हा. तर म्हणतात, “आपल्यात शेवटी बसवूनच नेतात. आत्तापासून सवय लावून घेतो.” नाही नाही ते बोलायला ह्यांना लई आवडतं.

भाजी खारट होते म्हणून कुरकुर. मीठ मी डाव्या हाताने टाकते, कमी-जास्त होणार. आता तर बिनमिठाची वेगळी काढून ठेवतात. जुन्या चपला होत नाहीत म्हणून एक नंबर मोठ्या आणल्या. दिवसभर बसून पाय सुजलेत. मी एवढं म्हणते गल्लीतून एक चक्कर मारून या, तर कोपऱ्यावरच्या पिंपळाच्या पारापर्यंत जातात आणि तिथं बसतात.

आळशी झालाय माणूस. रिटायरमेंट अशीच असते.

२८ डिसेंबर

माझ्या गोळ्या आणायला अप्पा लातूरला गेले, ते चार वाजून गेले तरी पत्ता नाही. औशात काय मेडिकल नाही? मी पेटीसमोर बसून राहिले. भाता मारायला कुणी नाही, तर पेटी म्हणजे लाकडाचा डबा. एक दिवस गेला माझा. शिवरात्र काय माझ्यासाठी थांबणार आहे?

आल्यावर तनुजाचा फोन, नांदेडहून. मला दोन वाक्यं, “आई, जेवलीस का, गोळी घेतलीस का,” आणि मग “अप्पांना दे.” अप्पा फोन घेऊन बाहेर ओट्यावर. किती वेळ बोलत होते. पोरीला आईचं बोलणं ऐकायचा कंटाळा येतो, दुसरं काय. मी खिडकीतून बघितलं, अप्पा नुसतं हं हं करत होते आणि मान हलवत होते.

“काय म्हणाली?” विचारलं.

“म्हन्ली, आई लई शिव्या देती का?”

९ जानेवारी

दोन कडवी बसली. आज डोकं जरा हलकं होतं, तेवढ्यात कस्तुराबाई. बाहेरून ऐकलं म्हणे, आत आल्या, उभ्या-उभ्या बघितलं. मी बघत होते त्यांच्या तोंडाकडं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग पदराने पुसलं आणि म्हणाल्या, “पर रुद्राक्का, एक सांगू का. मठात आपल्या मंडळात सगळ्या बायका. मधी चन्नबसप्पाअण्णा बसनार का भाता मारत? चार लोकं काय म्हनतील? स्वामी काय म्हनतील?”

मी जे म्हटलं ते त्यांना कळलं नाही, हे त्यांचं नशीब.

अप्पा भाता धरून तसेच बसले होते. कस्तुराबाई गेल्यावर म्हणाले, “बरोबर हाय त्यांचं. आन् मी काय सारखाच पुरनार हाय का.” हे म्हणजे आगीत तेल. एक माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल, तर तेही नाही.

१६ जानेवारी

पेटी घरात नाही.

दुपारी डोळा लागला होता, उठले तर टीपॉय रिकामा. अप्पाही नाहीत. फोन लावला तर म्हणाले, “लातूरला आलोय, गुलाम रसूलकडं. जरा काम हाय पेटीचं. आठ दिवस लागतील.” गुलाम रसूल म्हणजे ह्यांचा गंजगोलाईतला जुना दोस्त, पेट्या-तबले दुरुस्त करतो.

आठ दिवस! शिवरात्रीला जेमतेम सव्वा महिना राहिलाय, तिसरं कडवं अजून धड येत नाही, आणि हा माणूस मला न विचारता माझी पेटी उचलून घेऊन जातो. सासूबाईंनी निदान तोंडावर नाही म्हटलं होतं.

जेवले नाही. अप्पा आले तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी हाक मारली नाही. खुर्चीत बसून राहिले, श्वास घेतल्याचा आवाज येत होता. म्हटलं येऊ दे.

२४ जानेवारी

पेटी आली, गुलाम रसूल स्वतः रिक्षात घेऊन आला. तिला खाली एक लाकडी घोडी लावलीय आणि घोडीला पायाखाली दाबायचा एक पट्टा, आमच्या जुन्या शिवणयंत्रासारखा. पट्टा दाबला की स्कूटरच्या क्लचची वायर भाता ओढते, सोडला की स्प्रिंग परत नेते. अप्पांची अक्कल. चेहरा असा फुलला होता जसं विमान बनवलं.

“बस. डावा पाय टाक. कुनाची गरज न्हाई आता तुला.”

कुणाची गरज नाही. मला एवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, स्पष्ट सांगा ना, कंटाळा आला. लकव्याच्या बायकोसमोर रोज बसायचा कंटाळा आला, म्हणून हे यंत्र आणून ठेवलंत. शब्द कळले नसले तरी राग कळला, गुलाम रसूल मधे पडला. “नक्को भाभी, ऐसा नक्को बोलो. इनों रोज फोन कर-करके मेरी जान खा लिए. बोले, शिवरात के पैले होनाच होना. मैं बोला, इत्ती क्या जल्दी है चन्नबसप्पाभाई, तो हँसते बैठे.”

बघा. दोस्ताला पण दिसली घाई. अप्पांनी त्याच्या हाताला धरून बाहेर नेलं.

२ फेब्रुवारी

पायाचं जमत नाही. बोटं पळाली की पाय थांबतो, पाय चालवला की बोटं थांबतात. अर्धं शरीर मेलेलं, उरलेल्या अर्ध्याने दोन माणसांचं काम करायचं. आज तर पायाने इतका जोर लावला की खुर्चीसकट कलंडले. अप्पा धावत आले, मला उचलताना तेच भिंतीला टेकले, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून राहिलो. कोण कुणाला उठवणार?

मी वायर काढायला लावली. म्हटलं, भाता तुम्हीच मारायचा, नाहीतर पेटी मुखेडला परत.

“पायाला शिकव की गं. मी किती दिस पुरनार?”

“जन्माला पुरायची शपथ घेतली होती ना, स्वामींसमोर?”

बसले समोर.

१० फेब्रुवारी

तीन कडवी. चौथं राहिलंय, आणि ह्यांना मधेच थांबायची खोड लागलीय. मी वर चढत असते, हात सुटतो, सूर रेंगाळत बसतो. मी चिडते. आज म्हटलं, भात्यात हवाच नाही तर सूर कुठून येणार?

“हवाच न्हाई राह्यली बघ,” म्हणाले आणि हसले. ओठ पार निळे पडलेत थंडीने. मी स्वेटर घाला म्हटलं. फेब्रुवारीत कसली थंडी म्हणा, पण त्यांना वाजते.

दुपारी कस्तुराबाईंना पाटीवर लिहून दिलं. अप्पा बसतील तर मी येईन, नाहीतर नाही. मला वाटलं भांडतील. बाईंनी अप्पांकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, “बसू द्या. स्वामींशी मी बोलते.” जिंकले मी.

१७ फेब्रुवारी

झालं. अख्खं. चारही कडवी, एकदाही न थांबता. माझा डावा हात कुठंच चुकला नाही. शेवटचा सा धरून ठेवला तेव्हा अप्पा डोळे मिटून भाता मारत होते, घामाने सदरा ओला, आणि पहिल्यांदा हवा सारखी येत होती. घाट नाही, उतार नाही. मी म्हटलं, आता कुठं तुम्हाला कळलं बघा.

बास, चहा टाकतो, एवढं म्हणायलासुद्धा त्यांना वेळ लागला. मी हसले. माझं हसणं वाकडं दिसतं म्हणून मी कुणासमोर हसत नाही, पण हसले. चहा काही टाकला नाही त्यांनी, तसेच बसून राहिले. मीच उठून टाकला. डाव्या हाताने, निम्मा सांडला.

म्हणाले, “शिवरात्रीला मी येतो. पर त्याच्यानंतर पायानं. वचन दे.”

मी दिलं नाही. म्हटलं, बघू.

२० फेब्रुवारी

अप्पा उठले नाहीत. खुर्चीत

२६ फेब्रुवारी, शिवरात्र

सहा दिवसांपूर्वीचं ते वाक्य अजून तसंच आहे. पुरं करत नाही.

मठातून भजन ऐकू येतंय. आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, कस्तुराबाई न्यायला आल्या होत्या. मी गेले नाही. माझं वाजवून झालं आहे. कसं ते लिहून ठेवते, कारण तोंडाने कुणाला सांगता यायचं नाही.

त्या दिवशी तनुजा नांदेडहून आली तेव्हा स्वामी आले होते. आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत. अप्पांना अंघोळ घातली, विभूतीचे पट्टे ओढले, इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून बांधलं, आणि भिंतीला टेकवून पाटावर बसवलं, फुलांच्या माळा घालून. मग मंडळ बसलं. माणूस उचलेपर्यंत भजनात खंड पडू द्यायचा नसतो. शिल्पाने कॅसिओ काढला.

मी नाही म्हटलं. ओरडूनच म्हटलं. कुणाला कळलं नाही, पण गुलाम रसूल दाराशी उभा होता, तो आत आला आणि काही न विचारता पेटीच्या घोडीला वायर जोडू लागला. खुर्ची मांडली. जागा एकच होती, अप्पांच्या समोर.

त्याच्या आधी तनुजाने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं होतं. दिवाळीपासून माहीत होतं त्यांना. लातूरचे डॉक्टर म्हणाले होते, हृदय फुगलंय, दमायचं काम करायचं नाही. “आईला शिवरात्रीपर्यंत कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. रोज भांडायचे गं मी फोनवर.” मी तिला विचारलं, भाता मारणं दमायचं काम असतं का? ती माझ्याकडं बघत राहिली. माझं बोलणं तिला कळलं नाही. किंवा कळलं.

मी बसले. अप्पा समोर बसलेले, रोजच्यासारखे, फक्त मान सरळ. सवय अशी की मी पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि हवेची वाट बघत राहिले. हवा येईना. सगळ्या बायका टाळ धरून थांबलेल्या. मी अप्पांच्या हाताकडं बघत होते. त्या हाताला लिंग बांधलेलं होतं. मग मला आठवलं की पाय माझाच आहे. दाबला.

पहिलं कडवं वाईट वाजलं. दुसऱ्यात बोटं आणि पाय वेगळे झाले, कसे झाले मला माहीत नाही. तेव्हा नऊ-दहा दिवस जे जमलं नाही ते. कस्तुराबाईंनी धरलं, बायकांनी उचललं, वडिलांचं भजन त्यांना येत नव्हतं तरी माझ्या मागून शब्दांशिवाय गात राहिल्या. चौथं कडवं आलं, गेलं. शेवटचा सा धरला. माझं भजन झालं होतं, अख्खं, माणसांत बसून.

मी थांबले आणि समोर बघत राहिले. ते काय म्हणतात याची वाट बघत.

“रुद्राक्का, खंड पडू देऊ नगा,” कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग पुन्हा. किती वेळा, कुणास ठाऊक. जोवर मी वाजवत होते तोवर अप्पा माझ्यासमोर बसलेले होते. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. खांदेकरी आत येऊन उभे राहिले, स्वामी उठले. तनुजाने खांद्यावर हात ठेवला, “आई, आता न्यायचंय.” कस्तुराबाईंनी टाळ खाली ठेवला आणि माझ्या पायावर हात ठेवला. “बास, अक्का,” म्हणाल्या. “बास आता.”

मी त्यांचा हात बाजूला केला. बास म्हणणारा माणूस समोर बसला होता, आणि त्याने अजून म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याला माझ्यासमोरून उचललं, ओट्यावरून, गल्लीतून, पिंपळाच्या पारावरून नेलं, आणि मी भाता मारत राहिले.